बे ताळी

कर्णिकांच्या घरात चुकीची मराठी खपत नसे. कुणी सहज म्हणून गेलं, ‘मी तुला फोन मारते,’ की नयनाबाई हातातलं काम थांबवून विचारायच्या, फोन म्हणजे काय माशी आहे का मारायला? बडोद्यातल्या एका मराठी शाळेत त्यांनी सगळी नोकरी मराठी शिकवण्यात घालवली होती. माहेर शहराच्या जुन्या वस्तीतलं, घडियाळी पोळेतलं. आजोबा संस्थानच्या दफ्तरात होते आणि त्यांनी लिहिलेला मसुदा वाचून पुण्याची माणसंही वाहवा करायची, ही गोष्ट नयनाबाई पाहुण्यांना चहाबरोबर हमखास सांगत.

लग्न होऊन त्या शहराच्याच टोकाला, तरसालीला आल्या. नवरा, रमाकांत, नाशकाकडून नोकरीसाठी आलेला, मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात. कंपनीच्या बसमध्ये दिवसभराचं बोलणं गुजरातीत आणि हिंदीत. घरात शिरताना ते म्हणायचे, चपलांबरोबर गुजरातीही दाराबाहेर काढून ठेवतो बुवा. निवृत्त झाल्यावरही ही गंमत त्यांनी सोडली नाही.

अशा या घरात इरा वाढली. एकुलती एक आणि हाताला उसंत नसलेली. लहानपणी ती मातीचे प्राणी करून खिडकीत वाळत ठेवायची. शाळेत ढोलकी शिकली. फाइन आर्ट्सला गेली तेव्हा लिनोलियमच्या तुकड्यांवर चित्रं कोरून त्यांचे छाप काढायला लागली, आणि घरभर काळ्या शाईची बोटं उमटली. त्याच सुमारास एका गरबा मंडळीत कोरसमध्ये गायला लागली. नवरात्र आलं की तिचा आवाज बसायचा आणि दसऱ्याला मोकळा व्हायचा. पुढं कापडी बाहुल्या आल्या. नयनाबाई वैतागून म्हणायच्या, “एक ना धड, भाराभर चिंध्या.” त्यावर रमाकांत पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, असू देत, स्वच्छ आहेत ना.

मग इरा लिहायला लागली. बारा ते सोळा वयाच्या मुलांसाठी कादंबऱ्या. हे मात्र आईला मनापासून पटलं. शेवटी मुलीला आपल्या वाटेवर यायची बुद्धी झाली, असं त्यांना वाटलं. पहिली कादंबरी किल्ल्यावर वाट चुकलेल्या भावंडांची, दुसरी शाळेचं मासिक चालवणाऱ्या मुलांची. दोन्हींची हस्तलिखितं नयनाबाईंनी लाल पेनानं ओळ न् ओळ तपासली आणि दोन्ही पुस्तकं पुण्याच्या एका प्रकाशकानं काढली. दुसऱ्या पुस्तकाला एका संस्थेचा पुरस्कारही मिळाला. बडोद्यासारख्या ठिकाणी राहून इतकी निर्मळ मराठी, असं एका परीक्षणात छापून आलं. नयनाबाईंनी ते कात्रण शोकेसच्या काचेमागं लावलं. तिथं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायचं, आणि नाही दिसलं तर दाखवलं जायचं.

पुरस्काराचं पुस्तक वाचून परत द्यायला कर्णिकांच्याच सोसायटीतली सानवी आली. नववीतली मुलगी. तिचे वडील रिफायनरीत होते, आईवडील दोघंही मूळचे जळगावकडचे. इरानं सोसायटीच्या हॉलमध्ये पुस्तकांचं एक कपाट ठेवलं होतं, त्याची ही सर्वांत पक्की गिऱ्हाईक. गोष्ट आवडली का, असं इरानं विचारलं.

“गोष्ट मस्त आहे, ताई,” सानवी म्हणाली. “पण ही मुलं बातम्या देतात तशी का बोलतात? आमच्यासारखं कोणीच नाही बोलत.”

इरा हसली आणि तिनं तिला दुसरं पुस्तक काढून दिलं. पण नंतर बरेच दिवस तिनं ना काही कोरलं, ना गायलं. आईनं विचारलं तेव्हा म्हणाली, डोकं साफ करतेय. त्यानंतर तिनं लिहायला घेतलं, आणि ती कादंबरी पुरी होईपर्यंत कुणाला दाखवली नाही. आईलासुद्धा नाही. नयनाबाईंना ते लागलं.

कादंबरीचं नाव होतं ‘बे ताळी’. गरब्याच्या साध्या फेरात दोनदा टाळी वाजवायची, त्याला बडोद्यात बे ताळी म्हणतात. तरसालीतल्या एका सोसायटीत राहणारी कोमल नावाची मराठी मुलगी, तिचा आवाज खणखणीत. सोसायटीच्या गरब्यात पुढं उभी राहून गाणारी बाई ऐन वेळी गावाला निघून जाते आणि माईक कोमलच्या हातात येतो. काही शेजारी कुजबुजतात, माताजीचा गरबा आणि मराठी मुलगी गाणार? नातेवाईक म्हणतात, आपल्याला काय करायचाय गरबा? आणि आई म्हणते, दहावीचं वर्ष आहे. एवढीच गोष्ट. पण कोमल आणि तिच्या मैत्रिणी बोलत होत्या अगदी तरसालीच्या रस्त्यावर बोलतात तशा. मराठी वाक्यात मध्येच गुजराती, ‘चाल ने’ आणि ‘जवा दे ने’, आणि प्रत्येक दुसऱ्या वाक्याला मराठी ‘ना’सारखं ‘ने’चं शेपूट.

पुण्याच्या त्याच प्रकाशकाकडून संपादक भास्कररावांचा फोन आला. गोष्ट त्यांना फार आवडली होती. पण ही भाषा चालणार नाही, ती साफ करावी लागेल, आणि नावही बदलावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. इरानं शांतपणे नाही म्हटलं. तेव्हा भास्कररावांनी दुसऱ्या दिवशी नयनाबाईंना फोन केला. नयनाताई, आधीच्या दोन्ही पुस्तकांवर तुमचाच हात फिरला होता, हेही तुम्हीच करा, तुमचं ती ऐकेल.

नयनाबाईंना बरं वाटलं. आपल्यावाचून अडलं याचं बरं कुणाला वाटत नाही? त्यांनी इराला विचारलं. इरानं हस्तलिखिताची एक प्रत काढून दिली आणि म्हणाली, मी करणार नाही, तुला वाटतं तर तू करून बघ. तिच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळेच नयनाबाईंना जरा चुकल्यासारखं झालं.

जेवणाच्या टेबलावर प्रत पसरून त्या बसल्या. पहिली काही पानं झरझर गेली. ‘ने’ काढला, ‘एकदम मस्त छे’चं ‘फारच छान आहे’ केलं, ‘शुं थयुं’चं ‘काय झालं’. लाल पेन सवयीनं चालत होतं. रमाकांत मागून डोकावले, वाचलं, आणि म्हणाले, ही मुलगी एकदम सदाशिव पेठेत राहायला गेली की. नयनाबाईंनी त्यांना चहा करायला पाठवलं.

मग मायलेकींच्या भांडणाचं प्रकरण आलं. गरब्याच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी कोमल कपडे घालून तयार आहे आणि अचानक अडून बसते. आई समजावते, ओरडते. कोमल उलट ओरडते, “मारे नथी गावुं. नथी गावुं, बस!” पानभर ती गुजरातीतच भांडते. मैत्रिणीशी भांडावं तशी. आई मराठीत बोलत राहते. मग आई गप्प होते आणि तिच्या शेजारी बसते. आणि कोमल हळूच म्हणते, “आई, मला भीती वाटते गं.”

नयनाबाईंनी भांडणाचं मराठी केलं. ‘मला गायचं नाही. गायचं नाही म्हणजे नाही.’ चूक काही नव्हतं. पण ‘आई, मला भीती वाटते गं’ या वाक्याशी येईपर्यंत त्यात काही उरलंच नव्हतं. मघाशी त्या वाक्याशी त्यांचं पेन थांबलं होतं. आता ते नुसतं पुढचं वाक्य होतं. त्यांनी लाल खुणा वगळून पुन्हा मूळचं वाचलं. मुलगी दार आपटून भाषेबाहेर गेली होती आणि रडू आल्यावर घरी परत आली होती. ते परत येणंच त्यांच्या पेनानं पुसून टाकलं होतं.

त्यांनी सुरुवातीपासून सगळं पुन्हा वाचायला घेतलं, या वेळी पेन न धरता. व्याकरण शिकवलेलं माणूस. नियम दिसला की त्यांना चैन पडत नसे. आणि इथं नियम होता. कोमल मैत्रिणींत गुजराती बोलायची, बाबांशी थट्टा करताना दोन्हींची भेळ करायची, खोटं बोलताना नेमकी शुद्ध मराठी बोलायची. घाबरली की मराठी, तीही आईची, ‘गं’ आणि ‘ना’ची. एकही गुजराती शब्द उगाच पडलेला नव्हता. आपली मुलगी गबाळं लिहीत नाही, हे त्यांना त्या टेबलाशी बसून कळलं, आणि आपण ते इतका वेळ पाहिलं नाही याची चुटपुटही लागली.

तरीही एक शंका होती. आपण आई आहोत, आपल्याला गोडच लागणार. रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये इराचा बाहुल्यांचा वर्ग असायचा. नयनाबाई आपली लाल केलेली प्रत आणि इराकडून मागून घेतलेली कोरी प्रत घेऊन तिथं गेल्या आणि मुलांना म्हणाल्या, चिकटवाचिकटवी करता करता ऐका. आधी त्यांनी दुरुस्त केलेलं भांडण वाचलं. मुलं शहाण्यासारखी ऐकत राहिली. तन्मय नावाच्या मुलानं बाहुलीचा हात शिवता शिवता जांभई दिली. संपल्यावर सानवीनं विचारलं, आजी, ही मुलगी पुण्याची आहे का?

मग त्यांनी मूळचं वाचलं. दुसऱ्या ओळीलाच कुणीतरी खुसकन हसलं. ‘नथी गावुं’ला तन्मयनं मान वर केली. नयनाबाईंचा गुजराती उच्चार मराठी वळणाचा. मुलं तो सुधारायला लागली आणि त्या निमूट सुधारून घेऊ लागल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या बाईला नववीतली पोरं शिकवत होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. मग शेवटचं वाक्य आलं. सानवी बाहुलीचे डोळे शिवत होती, तिची सुई तशीच थांबली होती. “मी घरी असंच करते,” ती म्हणाली, कुणाला उद्देशून नव्हे.

इरा कोपऱ्यात उभी राहून बघत होती. नयनाबाईंनी तिच्याकडं पाहिलं आणि लाल केलेली प्रत पिशवीत कोंबली.

त्या दुपारी त्यांनी भास्कररावांना फोन लावला आणि सांगितलं, हे पुस्तक साफच आहे, यात साफ करण्यासारखं काही नाही. भास्करराव चकित झाले. मुलांना ‘बे’ म्हणजे काय ते कळणार नाही, ते म्हणाले, साताऱ्याच्या मुलाचा विचार करा.

“साताऱ्याची मुलं पाढे म्हणतात ना?” नयनाबाईंनी विचारलं.

“म्हणतात की.”

“दोनाचा पाढा कसा सुरू होतो?”

मग भास्करराव मोठ्यानं हसले. बे एके बे, बे दुणे चार. नाव राहू दे, ते म्हणाले, पण आतली पानं तशी छापता येणार नाहीत, शाळा पुस्तक घेणार नाहीत. नयनाबाईंनी मग त्यांना कोमल कधी कोणती भाषा बोलते ते सगळं समजावून सांगितलं, फळ्यासमोर उभं राहून सांगावं तसं. त्यांनी ऐकून घेतलं. काही आठवड्यांनी त्यांचा मेल आला: भाषा प्रमाण केल्यास पुन्हा विचार करू.

इराला वाईट वाटलं, पण राग आला तो नयनाबाईंना. दोन दिवस त्या कात्रण लावलेल्या शोकेसकडं बघायला तयार नव्हत्या. इरानं मात्र आतल्या खोलीतून लिनोलियमचे तुकडे आणि कोरणी बाहेर काढली. म्हणाली, आपणच काढू.

मग ज्यांना आई चिंध्या म्हणायची ती सगळी कामं एकाच वेळी अंगणात उतरली. प्रत्येक प्रकरणासाठी इरानं एक छापचित्र कोरलं: कंपनीच्या बसच्या खिडकीत पेंगणारे बाबा, गच्चीवर वाळणारे घागरे, माईकसमोर उभी राहिलेली पाठमोरी मुलगी. मुखपृष्ठावरची अक्षरं तिनं हातानं काढली. कोमल गाते ती गाणी तिनं आधीच रचली होती; त्यांना चाली लावल्या, ढोलकी स्वतः वाजवली आणि आपल्या मंडळीतल्या बायकांना घेऊन ती रेकॉर्ड केली. प्रकरणाच्या शेवटी एक चौकोन छापला, त्यावर फोन धरला की गाणं ऐकू यायचं. रमाकांतांनी रावपुऱ्यात एक छापखाना शोधला आणि तिथं इतक्या फेऱ्या मारल्या की मशीनवरची माणसं त्यांना आपल्यातलंच समजायला लागली. गड्यांनो, कागद जाड हवा, पोरं पानं दुमडतात, असं ते रोज सांगत.

मुद्रितं तपासायला नयनाबाईंकडं आली. अक्षरजुळणी करणारा मुलगा चांगला, पण त्याला सगळं नीट करायची सवय. त्यानं जागोजाग ‘ने’ उडवला होता आणि ‘नथी’चं ‘नाही’ केलं होतं. नयनाबाईंनी लाल पेन उघडलं आणि समासात लिहीत गेल्या: आहे तसंच ठेवा. मुळाप्रमाणे. हे बदलू नये. शेवटी त्यांनी त्याला बोलावून समोर बसवलं आणि सांगितलं, बाळा, यात एक ‘ने’ जरी कमी झाला तर मी पुन्हा सगळं जुळवायला लावीन.

पुस्तक नवरात्राच्या आधी तयार झालं. प्रकाशन सोसायटीच्या मैदानात, मांडवाचे खांब उभे राहिले होते तिथंच. इराच्या वर्गातल्या मुलांनी कापडी बाहुल्यांनी पहिलं प्रकरण करून दाखवलं. इरानं कोमलचं गाणं गायलं, आणि लोक आपोआप टाळ्या धरायला लागले. मग सानवीनं भांडणाचं प्रकरण वाचलं. इतकं खरं वाचलं की तिची आई पदरानं डोळे टिपत बसली आणि शेजारच्या पटेल काकी तिच्या खांद्यावर हात ठेवून होत्या. वाचन संपल्यावर काकींनी पुस्तकाच्या प्रती मागितल्या, नातवंडांसाठी. मराठी वाचता येतं का, असं कुणी विचारलं तर म्हणाल्या, अर्धं तर आमचंच आहे ने.

घडियाळी पोळेतून नयनाबाईंचे चुलतभाऊ दत्ताजीराव आले होते. शुद्ध बोलण्याबद्दल नातलगांत त्यांचा दरारा होता. ते पहिल्या रांगेत ताठ बसून होते आणि टाळ्या वाजवताना त्यांचे हात जेमतेम हलत होते. कार्यक्रमानंतर चहाच्या टेबलाशी ते नयनाबाईंच्या जवळ आले. पुस्तक त्यांच्या हातात होतं.

“नयना, तुझ्या देखरेखीखाली हे?” ते म्हणाले. “ही कसली मराठी?”

आजूबाजूला माणसं होती. काही माजी विद्यार्थिनी, शाळेतल्या दोन जुन्या सहकारी. सगळ्या थांबल्या. नयनाबाईंनी कप खाली ठेवला.

“बडोद्याची,” त्या म्हणाल्या. “दादा, साखर कमी घाल म्हणून तू आत्ता चहावाल्याला काय सांगितलंस? ‘साकर ओछी नाखजो.’ आणि मला म्हणालास, गोड फार झालाय. दोन्ही तूच बोललास. इरानं ते पहिल्यांदा लिहून ठेवलं. मला माझ्या आजोबांच्या मसुद्यांचा अभिमान आहे, पण याचा जास्त आहे.”

थोड्या वेळानं दत्ताजीरावांनी इराला बोलावून पुस्तकावर सही घेतली, आणि सही घेताना विचारलं, ही चित्रंही तुझीच? आणि गाणं? इरा हो म्हणाली तसे ते जरा वेळ मुखपृष्ठाकडं पाहत राहिले. अस्सं, एवढंच म्हणाले. पण जाताना आणखी चार प्रती घेऊन गेले.

पुस्तक बडोद्यात हातोहात गेलं आणि मग कुणाकुणाच्या बॅगेतून पुण्या-कोल्हापूरला पोचलं. कोल्हापूरच्या एका शाळेतल्या बाईंनी कळवलं की वर्गातल्या मुली आता एकमेकींना ‘चाल ने’ म्हणून हाक मारतात आणि गाणी ऐकून मधल्या सुट्टीत फेर धरतात. शब्द अडले का, असं इरानं विचारलं होतं. त्या बाईंनी लिहिलं, पहिल्या दोन पानांत अडले, मग मुलींना ते शोधून काढायचीच मजा वाटायला लागली.

वर्षभरात भास्करराव स्वतः बडोद्याला आले. नयनाबाईंनी त्यांना जेवायला घातलं, आणि त्यांनी जेवताना कबूल केलं की त्यांचा अंदाज चुकला. त्यांना पुढची आवृत्ती काढायची होती, जशीच्या तशी. इरा तयार झाली, एका अटीवर: पुस्तकाला आईची प्रस्तावना हवी. नयनाबाई नको नको म्हणत राहिल्या आणि ताटं उचलेपर्यंत त्यांच्या मनात पहिलं वाक्य तयारही झालं होतं. प्रस्तावनेत त्यांनी पुस्तकाची स्तुती केली नाही. कोमल कधी कोणती भाषा बोलते एवढंच त्यांनी उलगडून सांगितलं, आणि तीन पानांत संपवलं. भास्करराव ते वाचून म्हणाले, ताई, हे तर कॉलेजात लावायला हवं.

परवा भास्कररावांनी फोनवर विचारलं, इराचं पुढचं काय चाललंय? नयनाबाई म्हणाल्या, सध्या ती बाबांना घेऊन सकाळी मकरपुऱ्याला जाते. कारखान्यांची पाळी बदलताना तिथं जे आवाज होतात, भोंगा, बस, मोटारसायकली, माणसांच्या हाका, ते सगळं ती टिपून आणतेय. ऐकायची कादंबरी करणार म्हणे, मुलांसाठी. त्यात कागदाचे मुखवटेही आहेत, ते कशाला ते मला अजून कळलेलं नाही.

“तुम्ही विचारलं नाहीत?” भास्कररावांनी विचारलं.

“नाही,” नयनाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात असं काही होतं की पलीकडं भास्करराव आपसूक हसले. “तिला माहीत आहे ते कशाला. तेवढं पुरे.”